भाग २३ : मनगटातून हृदयापर्यंत – रक्त गोल फिरतं हे कळायला एवढा उशीर का झाला?

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही किंवा प्रवासात नेटवर्क जातं, त्यांच्यासाठी हा पूर्ण भाग लिहून टाकतोय. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मधले 'अं... अं...' काढलेत.

आजचा विषय माझ्या बाबांमुळे आला. बाबा नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात होते, व्हॉल्व्हमन. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं, कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. गेल्या दिवाळीपासून त्यांना जिना चढताना छातीत जड वाटायला लागलं. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "काका, अँजिओग्राफी करून घेऊ. मनगटातून एक बारीक नळी घालायची, हृदयापर्यंत न्यायची, औषध सोडायचं आणि फोटो घ्यायचे. घाबरायचं काही नाही."

बाबा घरी आले आणि फॉर्मवर सहीच करेनात. आज करतो, उद्या करतो. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाले, "अरे, मनगटातून हृदयापर्यंत नळी जाते म्हणतात. मधे झडपा असतील की. नळी उलट्या दिशेनं घातल्यावर त्या उघडणार कशा? फाटल्या तर?"

मी हसलो. म्हटलं, "बाबा, डॉक्टरांना माहीत असतं हो. तुम्ही सही करा."

ते शांतपणे म्हणाले, "तुला माहीत नाही, असं सांग ना सरळ."

खरं होतं. बीटेक झालोय, सहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि स्वतःच्या हातातलं रक्त कुठून कुठे जातं हे मला दोन वाक्यांत सांगता येईना. त्या रात्री वाचायला बसलो. आणि बाबांना पडला तोच प्रश्न, म्हणजे झडपांचा, ४०० वर्षांपूर्वी एका तरुण विद्यार्थ्याला पडला होता असं दिसलं. आजची गोष्ट त्याची.

१४०० वर्षं चाललेला लेगसी कोड

सुरुवात गॅलनपासून करू. जन्म इसवी सन १२९, गाव पर्गमम, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं बर्गामा. आधी ग्लॅडिएटर लोकांच्या जखमा शिवायचा, पुढे रोमला जाऊन सम्राट मार्कस ऑरेलियसचा वैद्य झाला. माणूस हुशार होता, यात वाद नाही. त्याच्या आधी अनेक जण मानत होते की धमन्यांमध्ये हवा असते. गॅलननं धमनी दोन्हीकडून बांधली, मधे कापली आणि दाखवून दिलं की आत रक्त आहे.

पण रक्ताच्या प्रवासाचं त्याचं चित्र असं होतं : आपण जेवतो, अन्नाचा रस यकृतात जातो, तिथे रक्त तयार होतं. ते रक्त शिरांमधून सगळ्या अंगाला जातं आणि अंग ते वापरून टाकतं. संपलं. उद्या परत जेवा, परत नवीन रक्त. थोडं रक्त हृदयाच्या उजव्या कप्प्यातून डाव्या कप्प्यात झिरपतं, मधल्या भिंतीतल्या न दिसणाऱ्या बारीक छिद्रांमधून. तिथे त्यात श्वासातून आलेलं प्राणतत्त्व मिसळतं आणि ते धमन्यांतून पसरतं.

थोडक्यात, गॅलनचं शरीर म्हणजे आमच्या गावची पाणीपुरवठा योजना. टाकीतून पाणी सुटतं, घराघरात जातं, वापरलं जातं. परत टाकीत काहीच येत नाही.

आता हे मूर्खपणाचं वाटतं, पण तेव्हा वाटण्यासारखं नव्हतं. शिरेतलं रक्त काळसर, धमनीतलं लालभडक. दोन रंग दिसतात म्हणजे दोन वेगळी रक्तं, दोन वेगळी जाळी, असा अर्थ काढणं साहजिक होतं. शिवाय रोममध्ये माणसाचं प्रेत फाडायची पद्धत नव्हती, त्यामुळे गॅलननं माकडं आणि डुकरं फाडली. एक गोष्ट मात्र बसत नव्हती, ती म्हणजे भिंतीतली छिद्रं. ती कुणालाच दिसत नव्हती. 'आहेत, पण दिसत नाहीत' हा त्यावरचा पॅच. आपल्याकडे जुन्या कोडमध्ये कॉमेंट असते ना, 'याला हात लावू नका, का चालतं माहीत नाही', अगदी तसं.

हा पॅच जवळजवळ १४०० वर्षं चालला.

ज्यांना शंका आली

शंका कुणालाच आली नाही असं नाही. १२४२ च्या सुमाराला कैरोत इब्न अल-नफीस नावाच्या वैद्यानं इब्न सिनाच्या ग्रंथावर टीका लिहिताना स्वच्छ म्हटलं, की हृदयाची मधली भिंत घट्ट आहे, तिला छिद्रं नाहीत. मग उजवीकडचं रक्त डावीकडे जातं कसं? फुफ्फुसांतून वळसा घालून. बरोबर उत्तर! पण हे हस्तलिखित मागे पडलं. १९२४ मध्ये एका इजिप्शियन डॉक्टरला, अल-तत्तावी यांना, ते बर्लिनच्या ग्रंथालयात सापडलं, तेव्हा आधुनिक जगाला त्याचं महत्त्व कळलं.

युरोपात १५४३ मध्ये व्हेसालियसनं शरीररचनेचा मोठा ग्रंथ छापला. त्यालाही छिद्रं दिसली नाहीत. आधी त्यानं जपून लिहिलं, आणि १५५५ च्या दुसऱ्या आवृत्तीत शंका बरीच उघड केली. १५५३ मध्ये मिगेल सर्व्हेटसनं फुफ्फुसाच्या वळशाबद्दल लिहिलं, तेही एका धर्मविषयक पुस्तकात. त्या पुस्तकातल्या धर्ममतांसाठी त्याला जिनेव्हात जिवंत जाळलं. म्हणजे रक्तासाठी नाही, धर्ममतांसाठी, पण पुस्तकही जळालं. आज त्याच्या मूळ छापील प्रती तीनच उरल्यात. मग १५५९ मध्ये पादुआच्या परंपरेतल्या रिआल्दो कोलोंबोचं पुस्तक आलं, त्यातही हा फुफ्फुसाचा वळसा आहे.

म्हणजे एक तुकडा अनेकांच्या हाताला लागला होता. पण बाकीच्या शरीरात रक्त 'वापरलं जातं' हे सगळ्यांनी तसंच धरून ठेवलं होतं.

पादुआचा विद्यार्थी

आता विल्यम हार्वे. जन्म १५७८, इंग्लंडमधलं फोकस्टन. केंब्रिजला शिकून तो इटलीत पादुआला गेला. तिथे १५९०च्या दशकात बांधलेलं शवविच्छेदनाचं लाकडी सभागृह आजही उभं आहे. लंबगोल, विहिरीसारखं. मधे खाली टेबल आणि वर सहा कडी, विद्यार्थी उभ्यानं वाकून बघायचे.

तिथे त्याचे गुरू होते फाब्रिसियस. त्यांनी शिरांमधल्या छोट्या छोट्या झडपांचा नीट अभ्यास केला आणि १६०३ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. पण या झडपा कशासाठी? फाब्रिसियस म्हणाले, रक्ताचा वेग कमी करायला. नाहीतर सगळं रक्त खाली येऊन हातापायांत साठेल.

हार्वेला हे पटलं नाही. कारण सोपं आहे. मानेच्या शिरांमध्येसुद्धा झडपा आहेत, आणि त्या रक्ताला खाली येऊ देतात, वर जाताना अडवतात. रक्त खाली साठू नये म्हणून झडपा असतील, तर मानेत त्या उलट्या का? पायातल्या झडपा वरच्या दिशेला उघडतात, मानेतल्या खालच्या दिशेला. दोन्हींत एकच गोष्ट समान आहे : सगळ्या झडपा हृदयाकडे जाऊ देतात.

मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "म्हणजे एनआरव्ही." नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह! मोटर बंद झाली की पाणी उलटं येऊ नये म्हणून पाइपला लावतात तो. आणि बघा, हार्वे मरायच्या काही काळ आधी रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञानं त्याला विचारलं होतं, की रक्त फिरतं हे तुमच्या डोक्यात आलं कशावरून? बॉइलनं लिहून ठेवलंय की हार्वेनं उत्तर दिलं ते शिरांमधल्या झडपांचं.

नुसता गुणाकार

हार्वे लंडनला परतला, १६०९ मध्ये सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलमध्ये वैद्य म्हणून लागला, पुढे राजाचा वैद्य झाला. एकीकडे वर्षानुवर्षं प्राण्यांवर प्रयोग चालू होते. जिवंत प्राण्यांवर, हे आज वाचताना त्रास होतो. कुत्र्याचं हृदय इतकं भरभर हलतं की कधी आकुंचन आणि कधी प्रसरण हेच कळेना. त्यानं स्वतः लिहिलंय की एका क्षणी वाटलं, हृदयाची हालचाल फक्त देवालाच कळत असेल. मग तो बेडूक, साप, मासे अशा थंड रक्ताच्या प्राण्यांकडे वळला, कारण त्यांचं हृदय सावकाश चालतं. म्हणजे व्हिडिओ स्लो मोशनमध्ये लावला.

आणि मग त्यानं केला एक गुणाकार. माझ्यासाठी ह्या सगळ्या गोष्टीचं हृदय इथे आहे.

मेलेल्या माणसाच्या हृदयाच्या डाव्या कप्प्यात त्याला दोन औंसांहून जास्त रक्त मिळालं होतं. आता प्रत्येक ठोक्याला किती बाहेर पडतं? माहीत नाही. मग त्यानं मुद्दाम कमी धरलं : समजा अर्धा औंस. म्हणजे साधारण १५ ग्रॅम. ठोके किती? अर्ध्या तासात १०००. हेही फारच कमी, कारण खरे तर २००० च्या आसपास पडतात. आता तुम्हीच करा : १५ गुणिले १०००, म्हणजे १५ किलो. फक्त अर्ध्या तासात! दिवसाचे ४८ अर्धे तास. ७२० किलो.

गॅलन बरोबर असेल तर माणसाच्या यकृताला रोज ७२० किलो नवीन रक्त बनवावं लागेल. कशातून? दोन भाकरी आणि वाटीभर आमटीतून?

अर्धा औंस पटत नाही? हार्वे म्हणतो, त्याहूनही कमी धरा, एक ड्रॅम, म्हणजे चारेक ग्रॅम. तरी अर्ध्या तासात चार किलो. मेंढीसारख्या प्राण्याचं सगळं रक्त काढलं तर चार पौंड म्हणजे दोन किलोसुद्धा भरत नाही, हे त्यानं बघितलं होतं. खाटकाला विचारा, मोठी धमनी कापली की पाव तासाच्या आत जनावर रिकामं होतं. म्हणजे आकडा कितीही कंजूषपणे धरा, हिशेब लागतच नाही. एवढं रक्त रोज नवीन बनू शकत नाही आणि अंगात मावूही शकत नाही. मग एकच मार्ग उरतो : तेच रक्त परत येतंय.

आमच्या क्षेत्रात इंटरव्ह्यूला विचारतात, 'या सिस्टीमवर दिवसाला किती लोड येईल, अंदाजे सांगा.' उत्तर अचूक लागत नाही, दहापट इकडे-तिकडे चालतं. पण त्या अंदाजावरून कळतं की डिझाइन टिकेल की पहिल्याच दिवशी कोसळेल. हार्वेनं गॅलनच्या डिझाइनचा लोड काढला आणि ते कोसळलं.

आजचे आकडे सांगतो. विश्रांतीत एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर. मिनिटाला ५ लिटर. दिवसाला ७००० लिटरच्या वर. आणि मोठ्या माणसाच्या अंगात एकूण रक्त? साधारण ५ लिटरच. म्हणजे मी हे वाक्य बोलायला सुरुवात केली तेव्हा तुमच्या हृदयातून निघालेलं रक्त एखाद्या मिनिटात परत हृदयात आलेलं असेल.

हात पुढे करा

हार्वेचं पुस्तक १६२८ मध्ये फ्रँकफर्टला छापलं गेलं. लॅटिनमध्ये, जेमतेम ७२ पानं, छपाईच्या चुकांनी भरलेलं. आत चित्रं फक्त एका हाताची. तोच प्रयोग आपण आत्ता करू. गाडी चालवत असाल तर नका करू!

हात खाली सोडा. हाताच्या पुढच्या भागावरची एखादी फुगलेली शीर शोधा. मनगटाच्या बाजूला तिच्यावर एक बोट दाबून ठेवा. आता दुसऱ्या बोटानं त्याच शिरेवरून कोपराच्या दिशेनं रक्त हळूच पुढे सारा आणि ते बोट उचला. बघा, शीर सपाट राहते, वरचं रक्त खाली येत नाही. झडपेनं अडवलंय. आता मनगटाकडचं बोट उचला. झटकन भरली ना? खालून भरली. म्हणजे शिरेतलं रक्त बोटांकडून हृदयाकडे चाललंय. गॅलनच्या हिशेबानं ते उलट जायला हवं होतं.

दुसरा प्रयोग मी फक्त सांगतो, घरी करू नका. हार्वेनं दंडाला पट्टी करकचून बांधली. मनगटातली नाडी थांबली, हात पांढरा आणि थंड पडला. मग पट्टी थोडी सैल केली. आता हात लाल झाला, शिरा टम्म फुगल्या. का? करकचून बांधल्यावर आतल्या धमन्याही बंद होतात. थोडं सैल केलं की खोलवरच्या धमन्यांतून रक्त हातात येतं, पण वरवरच्या शिरा अजून बंद असल्यानं ते परत जाऊ शकत नाही. धमनीनं यायचं, शिरेनं जायचं. वर्तुळ पूर्ण.

एक जागा रिकामी

पूर्ण? नाही. एक तुकडा गायब होता. धमनीतलं रक्त शिरेत शिरतं कुठून? हार्वेला जोड दिसला नाही. तो जन्मभर शोधूनही त्याला दिसला नाही. त्यानं म्हटलं, काहीतरी वाट असणारच, कारण हिशेब तसं सांगतोय.

इथे मी बराच वेळ थांबलो. कारण गॅलनही हेच म्हणाला होता ना, 'छिद्रं आहेत, पण दिसत नाहीत'? मग फरक काय? फरक असा की गॅलनची छिद्रं चित्र वाचवण्यासाठी होती. कुणी मोजलं असतं तर चित्रच मोडलं असतं. हार्वेची न दिसणारी वाट मोजमापातून निघाली होती, आणि ती कुठे शोधायची हेही ठरलेलं होतं.

लोकांनी काय केलं? जॉन ऑब्री या चरित्रकारानं लिहिलंय की पुस्तक आल्यावर हार्वेचे पेशंट खूप कमी झाले, लोक त्याला डोकं फिरलेला समजायला लागले. पॅरिसचा मोठा शरीरशास्त्रज्ञ रिओलान शेवटपर्यंत विरोधात राहिला. १६४२ मध्ये इंग्लंडमध्ये यादवी युद्ध पेटलं, सैनिकांनी हार्वेचं घर लुटलं, कीटकांवरची त्याची वर्षांची टिपणं गेली. जून १६५७ मध्ये तो वारला.

आणि १६६१ मध्ये, म्हणजे चारच वर्षांनी, इटलीतल्या बोलोन्यात मार्चेल्लो माल्पिघीनं बेडकाचं पातळ, पारदर्शक फुफ्फुस सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. त्यात त्याला केसाहून कितीतरी बारीक नळ्यांचं जाळं दिसलं, धमनीकडून शिरेकडे जाणारं. केशवाहिन्या. हरवलेला तुकडा सापडला. माल्पिघीचा जन्म कधीचा माहितीये? १६२८. हार्वेचं पुस्तक आलं तेच वर्ष.

गोष्ट इथे गोड संपवायचा मोह होतो, पण खरं सांगायला हवं. आजारी माणसाचं रक्त काढून टाकायची पद्धत नंतरही दोनशे वर्षं चालू राहिली. खुद्द हार्वेही ती वापरत होता. डिसेंबर १७९९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनचा घसा सुजला तेव्हा डॉक्टरांनी एका दिवसात त्यांचं लिटरांनी रक्त काढलं, आणि ते गेले. १८३० च्या दशकात पॅरिसच्या पिएर लुई यांनी रुग्णांच्या नोंदी मोजून दाखवलं की या उपचाराचा फारसा उपयोग होत नाही. पुन्हा तेच, कुणीतरी मोजायला बसावं लागलं.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

तर बाबा, झडपा शिरांमध्ये असतात. मनगटातून जी नळी घालतात ती धमनीत. धमन्यांमध्ये वाटेत झडपा नसतात, कारण तिथे मागून हृदयाचा दाब असतो. झडप असते ती थेट हृदयाच्या दारात. आणि हृदयाला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या धमन्या त्या दारातून बाहेर पडल्या पडल्या लगेच फुटतात. अँजिओग्राफीची नळी तिथवरच जाते, दार ओलांडावं लागत नाही. रक्ताच्या उलट दिशेनं जाते, पण अडवायला मधे कुणी नाही. मनगटातून अशी अँजिओग्राफी करण्याचा अनुभव माँट्रियलच्या लुसियन कँपो यांनी १९८९ मध्ये मांडला, त्याआधी बहुतेक वेळा मांडीतून करायचे.

आणि शिरेतून नळी घातली तर? तिथे झडपा आहेत, पण त्या हृदयाकडेच उघडतात. १९२९ मध्ये वेर्नर फोर्समान या जर्मन डॉक्टरनं स्वतःच्याच हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि चालत जाऊन एक्स-रे काढून घेतला. १९५६ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

हे सगळं मी एका कागदावर चित्र काढून बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं. मग विचारलं, "मिनिटाला पाच लिटर? आणि हा पंप बंद कधी करतात?" मी म्हटलं, "कधीच नाही." ते म्हणाले, "मग देखभाल नको का करायला? आण तो फॉर्म."

एका धमनीत मोठा अडथळा निघाला, स्टेंट बसवली. आता रोज चाळीस मिनिटं चालतात आणि मला फोन करून सांगतात.

मला राहून राहून वाटतं ते हे. झडपा फाब्रिसियसना दिसल्या होत्या. हृदय खाटकालाही दिसत होतं. गुणाकार तर कुणालाही येत होता. फक्त 'किती?' हा प्रश्न इतकी शतकं कुणी त्या रक्ताला लावून बघितला नाही. आणि घरात कुणी असा प्रश्न विचारला तर हसू नका. 'मला माहीत नाही, बघून सांगतो' म्हणा. मी चार दिवस घालवले, ते अडथळा असलेल्या माणसाचे होते.

म्हणून शेवटचं. जिना चढताना छातीत जड वाटत असेल, तुम्हाला किंवा घरात कुणाला, तर पुढच्या भागाची वाट बघू नका, डॉक्टरांकडे जा. प्रश्न तिथे विचारा, न लाजता.

शिरेचा प्रयोग जमला का ते कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!